गेटवर वही ठेवायची की ॲप?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नोंदीसाठी आधी वही होती, मग अडीच वर्षं ॲप होतं, आता पुन्हा वही आहे. सचिव म्हणून दोन्ही ठराव मीच लिहिले, त्यामुळे दोन्हींचं पाप माझ्या माथी. ॲप कसं चालतं ते सांगत बसत नाही. ठाण्यात कुणाकडेही गेलात तरी गेटवर ‘साहेब, फोटो काढतो’ हे ऐकलंच असेल.

वेगाच्या बाबतीत ॲप पुढे, वाद नाही. संध्याकाळी सात ते नऊ डिलिव्हरीवाल्यांची रांग लागते तेव्हा वही रडवते. शिवाय वहीत निम्मे नंबर खोटे आणि उरलेल्यांचं अक्षर लागत नाही.

पण आमची गाडी अडली मावशींपाशी. त्या आमच्या इमारतीत पाच घरी कामाला. ॲपमध्ये त्यांचा फोटो, येण्याजाण्याच्या वेळा, महिन्याचे खाडे, वर लोकांनी दिलेले तारे. एकदा त्यांनी ताप आला म्हणून सुट्टी घेतली आणि सकाळी फक्त एका घरचा पगार घ्यायला येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सुनावलं, “ताप होता ना? मग दहा वाजता गेटवर कशी?” मावशींनी मला जिन्यात गाठून विचारलं, “दादा, माझं हे कुणाकुणाला दिसतं?” खरं उत्तर होतं, १२६ घरांना. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही.

वहीही उघडीच असते, हे मान्य. पण वही वाचायला काकूंना खाली उतरावं लागतं, वॉचमनसमोर पानं उलटावी लागतात, आणि तो विचारतो, “काय पाहिजे काकू?” वही वाचणारा चारचौघांना दिसतो, ॲप वाचणारा दिसत नाही. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

मावशींची रीतसर संमती घेतली असती तर भागलं असतं, असं आमचे खजिनदार म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाकी सगळ्यांनी ‘मान्य’ दाबल्यावर नाही म्हणणारी एकटी बाई आपोआप संशयित ठरते. शिवाय एकाची संमती दुसऱ्यालाही अडकवते. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई या मूळनिवासी टोळीतल्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिलं. सह्या एकेकाच्या होत्या. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. त्यात ज्यांनी थेंबही दिला नव्हता त्यांचीही कुळकथा पणाला लागली. २०१० साली तडजोड होऊन ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने टोळीला परत मिळाले.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, १९९८ पासून आपल्या माहितीसाठी चार शब्द धरलेत: मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि ताबा. चौथ्या शब्दाशी मी जरा थांबलो. वही ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली माझ्याकडे, एवढं मी सांगू शकतो. ॲपमधली माहिती कुठे असते, हे दोनदा मेल करून विचारलं. दोन्ही वेळा धोरणाची लिंक आली.

आपल्याकडेही २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या क्रिस गोपालकृष्णन समितीने समूहाच्या डेटावर समूहाचाही हक्क असू शकतो, असं मांडलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र माणूस एकेकटाच मोजला आहे. तसं खासगीपण एकट्याचंच नसतं, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे: भांडण चव्हाट्यावर येतं ते घरचं, आणि मूठ झाकायची तीही घराचीच.

आता उलट बाजू, कारण समूह काही संत नसतो. आमच्याकडे तीन मुली भाड्याने राहतात. त्यांच्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं, यावर कमिटीच्या बैठकीत वही उघडून चर्चा झाली आहे आणि मी तिथे गप्प बसलो होतो. ॲप असताना पाहुण्याला त्या स्वतः आत घेत. ‘कोण लागतो तुमचा?’ हा प्रश्न वॉचमनला विचारावा लागत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो एकेका माणसाचा हक्क आहे, आणि अशा घरांकडे पाहिलं की त्याची किंमत कळते. शिवाय संगणकावर कधीच न चढलेली वही २०२३ च्या कायद्यात बसतच नाही, म्हणजे तिथे तक्रारीलाही जागा नाही. तुमच्याकडे भाडेकरू जास्त आणि कमिटी चौकस असेल तर कदाचित ॲपच बरं. फक्त कामवाल्यांचं पान सगळ्यांना दिसणार नाही, अशी सोय आधी मागून घ्या.

आम्ही वही आणली ती मात्र जुनी नाही. फक्त फ्लॅट नंबर, नाव आणि वेळ. मोबाईल नंबर नाही. कामाला येणाऱ्या बायकांना पंपरूमच्या कट्ट्यावर बसून विचारलं, तर त्यांनी साधा पास मागितला आणि वेळ लिहू नका म्हणाल्या. तेच केलं. वही तीन महिन्यांनी फाडायची, सभासदांसमोर.

पहिली वही फाडली तेव्हा काकूही खाली आल्या होत्या. फाडण्याआधी त्यांनी पानं चाळून घेतलीच, सगळ्यांच्या देखत.