घोड्याच्या वृषणात गाठ: एकच काढावं की दोन्ही?

घोड्याच्या वृषणात गाठ आहे आणि ती काढायचीच, यावर मालकाचं आणि डॉक्टरांचं सहसा लगेच जमतं. घोळ त्यापुढे होतो. फक्त गाठीची बाजू काढायची, की त्याच टेबलावर घोडा पूर्ण खच्ची करून टाकायचा? आमच्या काठियावाडी घोड्याचं आधी डावं काढलं आणि पुढे उजवंही, त्यामुळे दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. तुमच्या घोड्याचं वय, वंश आणि स्वभाव वेगळा असेल, तेव्हा माझं ऐकून तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आधी गाठीचा प्रकार. वय झालेल्या नरात बहुतेक वेळा सेमिनोमा, म्हणजे वीर्य तयार करणाऱ्या पेशींची गाठ, निघतो. कुत्र्यातला सेमिनोमा सहसा जागच्या जागी राहतो, पण घोड्याच्या बाबतीत तेवढं निर्धास्त राहता येत नाही. तो वृषणाच्या दोरीवरून, म्हणजे रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका ज्यातून पोटात जातात त्या जुडग्यावरून, वर सरकत पोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचू शकतो. म्हणून कुठलाही पर्याय घ्या, शस्त्रक्रियेआधी गुदमार्गातून हात घालून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, आणि दोरी जमेल तितक्या वरून कापायला सांगा. शिंगराच्या पोटात अडकलेल्या वृषणात टेराटोमा निघाला, आत केस, कूर्चा, कधी हाडही सापडलं, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण वृषण न उतरण्याचा दोष वंशात जाण्याची शक्यता असल्यामुळे अशा घोड्यापासून पैदास करू नये, आणि मग एक ठेवण्यात अर्थच उरत नाही.

एक ठेवण्याचं खरं कारण एकच, पैदास. एका वृषणावर घोडा व्यवस्थित घोडी भरवू शकतो. वीर्य तयार व्हायला घोड्यात सुमारे 57 दिवस लागतात, शिवाय सूज आणि उष्णतेचा फटका राहिलेल्या बाजूलाही बसतो, त्यामुळे वीर्याची तपासणी दोन-सव्वादोन महिन्यांनीच करा. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा असेल तर हा पर्याय फारच मोलाचा, कारण त्यांच्या स्टडबुकात, म्हणजे वंशाच्या नोंदवहीत, फक्त नैसर्गिक संयोगाचं शिंगरू नोंदवतात, गोठवलेल्या वीर्याचा उपयोग नाही. देशी जातींना ती अट नाही. बिकानेरच्या सरकारी अश्व केंद्रात मारवाडी घोड्यांच्या गोठवलेल्या वीर्यावर काम झालेलं आहे. मुंबईहून हे सगळं जुळवणं सोपं नाही, पण वाट आहे.

आम्हीही पैदाशीसाठीच उजवं ठेवलं होतं. आणि मग सुरू झाली ती कटकट, जिच्यामुळे माझं पारडं झुकलं.

एक वृषण गेलं की दुसरं आपोआप वाढतं. जोडीदाराचं काम अंगावर घेतं म्हणा. हे नैसर्गिक आहे, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण सेमिनोमाचं पहिलं लक्षणही तेच, हळूहळू आणि न दुखता वाढणं! शिवाय ऋतूप्रमाणेही फरक पडतो, उन्हाळ्याकडे आकार वाढतो, थंडीत उतरतो. सईस दोरी धरून तोंडाशी उभा, मी खांद्यापासून पोटाखालून हात सरकवत मागे नेतोय, आणि बोटं लागताच घोडा वृषण वर ओढून घेतो. आखडलेलं वृषण हाताला कडकच लागतं. ही गाठ की घोडा बिचकला, हे कळायला त्याला ढिला पडू द्यावं लागतं, आणि तोवर आपण मनात नको ते हिशेब करून बसतो. सोनोग्राफीने शंका फिटते, पण त्या दिवसापुरती. पुढच्या खेपेला हाताला जरा मोठं लागलं की पुन्हा तेच.

त्यात मुंबईची जागा. नराला घोडींपासून लांब ठेवावं लागतं, आणि इथल्या तबेल्यांत लांब म्हणजे मधल्या दोन खोल्या. काही ठिकाणी तर नर म्हटलं की जागाच देत नाहीत.

दोन्ही काढण्याला माझ्या मते दोन गोष्टी आड येतात. घोडा वयात आलेला असेल तर सवयी लगेच जात नाहीत. आमचा अजूनही घोडी दिसली की मान ताठ करून खिंकाळतो, पण चंदी सोडून तिच्यामागे जात नाही. आणि मोठ्या नराच्या रक्तवाहिन्या जाड असतात, रक्तस्रावाची भीती जास्त, म्हणून नुसत्या चिमट्यावर न भागवता टाकेही घालून घ्यावेत. मी तरी हे काम तबेल्यात उभ्या घोड्यावर करणार नाही. दवाखान्यात, आडवा पाडून, पूर्ण भूल देऊन करा. घोड्याला भूल देणं कुत्र्या-मांजरापेक्षा कितीतरी जोखमीचं असतं, आणि म्हणूनच ती एकदाच द्यावी असं मला वाटतं. आमच्या घोड्याला दोनदा घ्यावी लागली आणि दुसऱ्या वेळी तो उठून उभा राहीपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

धनुर्वाताची लस दोन्ही पर्यायांत लागतेच. पावसाळा संपेपर्यंत थांबू नका, जखमेपाशी माश्या आणि चिखल येऊ न देणं जास्त महत्त्वाचं. खच्ची केल्यावरही महिना-दीड महिना घोडींपासून वेगळा ठेवा, आधीचं वीर्य नळ्यांत शिल्लक असतं.

काढलेलं वृषण तपासणीला पाठवायला विसरू नका. परळला 1886 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, डॉक्टरांना तिथली वाट विचारा. मोठं वृषण अख्खं फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर औषध आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो, म्हणून आधी काप घ्यायला सांगा आणि बरणीवर डावं-उजवं लिहून घ्या. आमचं उजवं स्वच्छ निघालं. तरीही पुन्हा वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी दोन्ही काढायला सांगेन. तुमचा घोडा थरोब्रेड असेल आणि घोड्या खरोखर ठरलेल्या असतील, तर एक ठेवा. पण तपासणीच्या तारखा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि घोडीचा हंगाम संपला की राहिलेल्याचंही ठरवून टाका.