दम्याचा पंप ओढत बसलो, निघालं भलतंच

जोतिबाच्या पायऱ्या चढताना घरचे पुढं आणि मी मागं धापा टाकत, हे लहानपणापासूनचं. सगळे म्हणायचे ह्याला दमा हाय, मी पण कितीतरी वर्षं पंप ओढला. 38व्या वर्षी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी स्टेथो आधी छातीला लावला, मग पाठीला, परत पाठीला, आणि म्हणाल्या आवाज पाठीत पण येतोय, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून या.

इको झाला, सीटी अँजिओ झाली. फुप्फुसांकडं रक्त नेणाऱ्या दोन्ही नळ्या जन्मापासूनच अरुंद, उजवी जास्त. पंपानं काय डोंबल होणार, दम्यात श्वासाची नळी आवळते, माझी रक्ताची आवळलेली. हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब पंचवीसच्या आसपास पाहिजे तो माझा 72!

आता हॉस्पिटलचं. नाव घेत नाही, कोल्हापुरातलंच हाय. कॅथलॅबची (शिरेतून वायर घालून हृदयाचं काम करतात ती खोली) टीम एक नंबर. जांघेतल्या शिरेतून वायर वर नेली, फुग्यानं स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, फुलवला. नुसता फुगा फुगवून काढला तर नळी परत आकसते म्हणून आत जाळी ठेवायची, असं डॉक्टरांनी पेनाच्या स्प्रिंगवर दाखवलं, लगेच डोक्यात बसलं. दोन स्टेंट, दाब 41 वर आला. इतकी वर्षं कमी रक्त जायचं तिथं एकदम लोंढा गेला की फुप्फुसात पाणी साठू शकतं म्हणून रात्रभर आयसीयूत ठेवलं, पाय सरळ, जांघेवर वाळूची पिशवी, कमरेचा पार भुगा. सिस्टर मात्र दर तासाला येऊन खोकला आला का विचारायच्या.

बिलिंगवाल्यांना एकच स्टार, तो पण जबरदस्तीनं. 2017 ला सरकारनं स्टेंटच्या किमतीवर लगाम घातला तो हृदयाच्या धमन्यांच्या स्टेंटला, ह्या स्टेंटला नाही, हे मला कधी कळलं तर बिल हातात पडल्यावर. आदल्या दिवशी दोनदा विचारलं होतं, "बघू की ओ" एवढंच उत्तर. भावानं रात्री पैसे जुळवले. तेव्हा स्टेंटचा रेट आधी कागदावर लिहूनच घ्या, लाजू नका.

आता ॲस्पिरिन चालू हाय, पंप बंद. रंकाळ्याची अख्खी फेरी न थांबता मारतो, बायकोच म्हणते जरा हळू. पुढच्या महिन्यात फॉलोअप. गाडी नेऊ नका, पार्किंगच्या नावानं शिमगा हाय, रिक्षानं गेलेलं बरं.