१२७ मिमी गेजची तयार बोगी घेताय? आधी मोटरीवरचा स्टिकर सोला

माणसं ओढणाऱ्या, डिझेल इंजिनासारख्या दिसणाऱ्या पण विजेच्या मोटरींवर चालणाऱ्या मॉडेलसाठी आम्ही तयार बोगींची (इंजिनाखालच्या चाकं-ॲक्सलच्या गाड्यांची) जोडी मागवली होती. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १२७ मिमी, म्हणजे ५ इंच. जाहिरातीत चार ॲक्सल, प्रत्येकाला २४ व्होल्ट २५० वॅटची मोटर आणि बिडाची चाकं असं लिहिलेलं. पूर्ण पैसे आगाऊ. विक्रेत्यानं चाकं सुसाट फिरतानाचा व्हिडिओही पाठवला. बोगी मात्र स्टँडवर ठेवलेली होती. भार नसेल तर कुठलीही मोटर अशीच फिरते.

सपाटीवर इंजिन बरं चाललं. चढावर माणसांनी भरलेले डबे मागे लागले की वेग मरायचा आणि मोटरींना हात लावता येत नव्हता. आता हिशेब बघा. इंजिनाचं वजन १२० किलो आणि चाक-रुळाचं घर्षण ०.२ धरलं तर ओढ २४ किलो मिळते. ती ताशी ८ किमी वेगाला टिकवायला रुळावरच ५२० वॅटच्या आसपास लागतात, शिवाय चेन-स्प्रॉकेटमध्ये जातात ते वेगळे. एक हजार वॅटना हे काम जड नाही. हेअर ड्रायरनं गरम करून स्टिकर सोलला, तर खाली मूळ पट्टी निघाली: १२० वॅट. चार मिळून ४८०! २५० वॅटची मोटर पूर्ण भाराला १३-१४ अँपिअर घेते. तेवढा करंट या मोटरीत सोडत राहिलं की वाइंडिंगचं वार्निश जळणारच.

चाकांची लबाडी जास्त धोक्याची, कारण डब्यांवर मुलं बसतात. चाकाचं भोक ॲक्सलपेक्षा ढिलं होतं. प्रेस फिट (दाबानं घट्ट ठोकून बसवणं) नाहीच, नुसता ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आणि वरून रंगाचा जाड थर. सुरुवातीच्या झटक्यानं असं चाक ॲक्सलवर सरकतं. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ११९ मिमी हवं. ते कमी झालं की पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, चेक रेल (चाकाला आतून धरून ठेवणारा जादा रूळ) चाकांच्या मध्ये अडकते, जास्त झालं तर फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) क्रॉसिंगच्या नाकावर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या टोकावर, आदळते. दोन्हीकडून गाडी घसरते. व्हर्नियरनं हे अंतर १२०-१२० अंशांवर तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगळे आले तर चाक वाकडं बसलंय.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, "स्टिकर काढला, वॉरंटी गेली." पावतीवर त्यानं फक्त 'मॉडेलचे सुटे भाग' एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे वॅट आणि चाकांबद्दलचा दावा कागदावर कुठेच नव्हता.

म्हणून पैसे देण्याआधी पावतीवर मोटरीचे वॅट, चाकाचा धातू, चाक बसवण्याची पद्धत आणि ११९ मिमीचं माप लिहून घ्या. व्हिडिओ रुळावरचाच मागा, मागे वजन जोडलेलं आणि ॲमीटरचा आकडा त्याच फ्रेममध्ये. निम्मी रक्कम माल मोजून होईपर्यंत हातात ठेवा. याला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून नुसती फ्रेमसुद्धा घेऊ नका. ॲक्सल आणि चाकं जवळच्या लेथवाल्याकडून करून घ्या, मोटरी वेगळ्या आणा.