जार प्लँट, बाटलीबंद पाणी की गावची नळयोजना: कुणाला काय झेपेल?

पाण्याच्या व्यवसायात उतरू पाहणारा बहुतेक जण आधी विचारतो, ‘शिक्षण किती लागतं?’ मालकाला जवळपास काहीच लागत नाही. दहावी नापास माणूसही बाटलीबंद पाण्याचा कारखाना काढू शकतो. शिक्षण लागतं ते पाणी तपासणाऱ्याला, आणि कौशल्य लागतं ते पाणी सोडणाऱ्याला. मालकापाशी हवा कायदेशीर स्रोत आणि सहा महिने कळ काढता येईल इतका पैसा.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. आपल्याकडे नळयोजना विकत घेता येत नाही. 73व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी पंचायतीच्या विषयांत टाकलं. योजना ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची नाहीतर राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाची असते. नागपुरात 2012 पासून खासगी कंपनी शहराचं पाणी सांभाळते, पण तिथेही पाइप आणि टाक्या महापालिकेच्याच. म्हणजे लहान माणसापुढे खरे पर्याय तीन: सुटा जार, सीलबंद पाणी किंवा गावाची योजना चालवण्याचं काम.

सुटा जार: शिरायला सोपा, निभवायला अवघड

बोअर, वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर, आरओचा मेम्ब्रेन (क्षार अडवणारा बारीक पडदा), यूव्ही, चिलर, शंभरेक जार आणि एक छोटा हत्ती. एवढं जमलं की धंदा सुरू. बरेच जण उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला भिंतीवर लावतात आणि त्यालाच परवाना समजतात. झाकण नुसतं दाबलेलं, सील नाही, म्हणून हे ‘पॅकबंद अन्न’ ठरत नाही; अन्न व औषध प्रशासन महापालिकेकडे बोट दाखवतं आणि महापालिका प्रशासनाकडे. या फटीतच हजारो प्लँट उभे राहिले. फट आहे तोवर पात्रता कुणी विचारत नाही. काही घडलं की सगळेच विचारतात.

तसं घडलंही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले. महापालिकेने खासगी आरओ प्लँटचे नमुने घेतले आणि त्या भागातले सुमारे 30 प्लँट बंद केले. ज्यांच्याकडे तपासणीचा एकही कागद नव्हता, त्यांना बाजू मांडायला काही उरलं नाही.

या धंद्यात एक तांत्रिक गोष्ट फार कमी मालकांना ठाऊक असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असतो. वाटेत थोडी घाण शिरली तरी तो काही काळ राखण करतो. आरओच्या पाण्यात तो नसतो, कारण असलाच तर मेम्ब्रेन खराब होऊ नये म्हणून आपणच तो कार्बन फिल्टरमध्ये काढून टाकतो. मग गिऱ्हाइकाकडून परत आलेला, आत शेवाळाचा हिरवा पट्टा धरलेला जार नुसता विसळून भरला, तर त्या पाण्याचं रक्षण करणारं काहीच उरत नाही. प्लँट कितीही भारी असू द्या, घोळ होतो तो जार धुण्याच्या जागी. ते काम रोजंदारीवरच्या नवख्या पोरावर टाकणारा मालक माझ्या लेखी अपात्रच.

दुसरी अडचण बोअरची. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या नियमांनुसार व्यवसायासाठी भूजल उपसायला साधारणपणे ना-हरकत प्रमाणपत्र आणि डिजिटल मीटर लागतो. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत विनापरवानगी विहीर-बोअर घेण्यावर राज्यात 1993 च्या कायद्यापासून बंधन आहे. त्यात आरओ काही पाणी फेकून देतं. लहान, जुनाट प्लँटमध्ये ते निम्म्याच्या आसपास जातं. ते क्षारट पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडलंत तर पहिली तक्रार तिथूनच येणार.

मागणी मात्र खरी आहे. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे जार ही चैन नव्हे. प्रश्न आहे तो जार कोणत्या कागदावर विकायचा.

सीलबंद पाणी: कागद जास्त, झोप शांत

ऑक्टोबर 2024 मध्ये बाटलीबंद पाण्यावरची आयएसआय प्रमाणपत्राची सक्ती निघाली. ही बातमी सगळ्यांनी वाचली. पुढच्याच महिन्यात हे पाणी ‘अतिजोखमीच्या’ अन्नात टाकलं गेलं, परवान्याआधी तपासणी आणि दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण आलं. ती बातमी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. त्यामुळे ‘आता काही लागत नाही’ म्हणून मशिन विकणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. अन्नसुरक्षेचा परवाना हवाच.

इथे मालकाला नसली तरी माणसांना पात्रता लागते. बाटलीबंद पाण्याच्या आयएस 14543 या मानकाला धरून चालायचं तर रसायनशास्त्राचा एक आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा एक असे दोन पदवीधर आणि प्लँटमध्येच प्रयोगशाळा. जिवाणूंच्या तपासणीचा निकाल त्याच दिवशी येत नाही, म्हणून तोवर माल रोखून धरायला गोदाम हवं. नवखा माणूस मशिनचा भाव काढतो आणि या दोन पगारांचा व अडकलेल्या मालाचा हिशेबच मांडत नाही.

एक लिटरच्या बाटलीत लहान माणसाने शिरू नये, असं माझं मत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि रेल्वेचं रेल नीरसुद्धा 15 चं 14 रुपयांना झालं. त्या किमतीशी टक्कर देताना दुकानदाराची उधारी आणि लग्नसराईनंतरचे पावसाळी महिने जीव काढतात. परवाना घेऊन 20 लिटरचा सीलबंद जार विकणं जास्त शहाणपणाचं: वाहतूक जवळची, गिऱ्हाईक बांधलेलं, आणि वरच्या सुट्या जारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मागायला कारण हातात.

गावची योजना: मालकी नाही, पण काम संपत नाही

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटरच्या हिशेबाने गावोगावी नळ पोचले, आता ते चालवायला माणसं हवीत. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, जलसुरक्षक, नव्या प्रशिक्षणातला नल जल मित्र ही ती माणसं. आयटीआयचा वीजतंत्री किंवा प्लंबर इथे पदवीधरापेक्षा उजवा ठरतो. स्टार्टर का ट्रिप होतो, व्हॉल्व्ह किती फेरे सोडला तर वरच्या आळीला पाणी चढतं, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर किती जुनी आहे, हे त्याला कळलं पाहिजे. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं ओलीत उघडं राहिलं की तो उडून जातो आणि उरते चुन्याची भुकटी. शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (क्लोरीन दाखवणारी रंगाची चाचणी) लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे. तो सतत दिसत नसेल, तर ग्रामपंचायतीला धोक्याच्या पाण्याचं लाल कार्ड मिळायला वेळ लागत नाही.

पैशाची बाजू मात्र लंगडी आहे. मानधन तुटपुंजं, पाणीपट्टी थकलेली, महावितरणचं बिल डोक्यावर. देखभालीचं कंत्राट घेणार असाल तर 2025 मध्ये जलजीवनच्या कंत्राटदारांची थकलेली बिलं राज्यभर किती गाजली ते आठवा. वसुली नीट असेल तिथे चित्र वेगळं असतं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवले, जास्त वापराला चढा दर लावला आणि 24 तास पाणी दिलं. पण ती पंचायतीच्या कारभाऱ्यांची करामत, कंत्राटदाराच्या हातातली नव्हे. म्हणून ही जबाबदारी घ्या, पण जोडीला पंप-मोटारीच्या दुरुस्तीचं दुकान ठेवा.

टँकरचं एका वाक्यात: एप्रिल 2025 मध्ये भूजल परवान्यांवरून मुंबईत टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची तयारी केली, स्वतःचा परवानाधारक स्रोत नसेल तर यात पडू नका.

तर कुणी काय घ्यावं? बाजाराच्या गावाजवळ चांगलं पाणी आणि दोन पदवीधरांचा पगार पेलण्याची ऐपत असेल, तर सीलबंद 20 लिटर. हातात हुन्नर आहे, भांडवल नाही, गाव सोडायचं नाही, तर योजना. सुटा जार मी कुणालाच सुचवणार नाही. चालू असेल त्याने तो परवान्याखाली आणावा.

आणि जागेचा विसार देण्याआधी दोन कामं करा. आपला तालुका भूजलाच्या कोणत्या वर्गात येतो ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे विचारा. अतिशोषित (पाणी मुरतं त्याहून उपसा जास्त) असेल तर नव्या पॅकबंद पाण्याच्या प्लँटला ना-हरकत मिळत नाही, लघुउद्योग असला तरी. मग त्याच बोअरचं पाणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा तपासून घ्या. उन्हाळ्यात क्षार दिसतील, पावसाळ्यात नायट्रेट आणि जिवाणू. दोन्ही अहवाल हातात आल्यावरच मशिनवाल्याशी बोला.