मलागोसचे फिलिपाईन ईगल सेंटर : गरुडासाठी राखलेला अर्धा दिवस

फिलिपिन्समधील डावाओ शहराच्या मध्यापासून साधारण ३० किलोमीटरवर, आपो पर्वताच्या पायथ्याशी मलागोस येथे असलेल्या ‘फिलिपाईन ईगल सेंटर’साठी आम्ही अर्धा दिवस राखून ठेवला होता आणि तो अपुरा पडला. पिंजऱ्यातला शिकारी पक्षी मला सहसा बघवत नाही. येथे मात्र एकाच जाळीसमोरून माझा पाय निघेना. सुमारे एक मीटर लांबीचा, दोन मीटर पंखविस्ताराचा हा गरुड निळसर करड्या डोळ्यांनी आपल्याकडे रोखून पाहतो आणि मानेवरच्या लांब पिसांचा तुरा फुलवतो, तेव्हा बोलणे आपोआप थांबते. पूर्वी त्याला ‘माकडखाऊ गरुड’ म्हणत. वास्तविक मिंडानाओ बेटावर त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे झाडांवरून तरंगत जाणारा कागवांग हा प्राणी. १९७८ मध्ये ते नाव बदलले आणि १९९५ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी झाला.

या केंद्राचे मोल मला कळले ते पाग-आसाच्या गोष्टीतून. कृत्रिम रेतनातून १५ जानेवारी १९९२ रोजी जन्मलेला, म्हणजे माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेला या जातीचा पहिलाच पक्षी. त्याच्या नावाचा अर्थ ‘आशा’. जोडी साधारण दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालते आणि पिल्लू वर्षाहून अधिक काळ आईबापांवर अवलंबून राहते, हे लक्षात घेतले की प्रत्येक पिल्लामागचे कष्ट दिसू लागतात. पण पिल्ले वाढवून सोडायची कुठे? लुझॉन, सामार, लेयते आणि मिंडानाओ या चारच बेटांवर हा गरुड आढळतो, आणि ज्या उंच, जुन्या झाडांवर तो घरटे बांधतो ती लाकडासाठी व शेतीसाठी तोडली गेली. गोळीने जखमी झालेल्या पामाना या मादीला बरे करून जून २०१५ मध्ये हामिगितान पर्वतावर मुक्त केले होते. दोनच महिन्यांत ती पुन्हा गोळीला बळी पडली. हे वाचून मला फार वाईट वाटले.

मुलांना अवश्य न्यावे, शक्यतो सकाळी लवकर. रानातलाच गरुड पाहायचा असेल त्याने मात्र दुर्बीण आणि चार मोकळे दिवस घेऊन मिंडानाओच्याच किटांगलाड पर्वताकडे जावे. पण त्याआधी येथे थांबावे.