व्हिडिओतून अकाईसाठी सॅम्पल काढणारा कन्व्हर्टर, आठ महिन्यांनंतर: ४८ आणि ४४.१ चा घोळ

आठ महिने वापरून झाले, पण लिहायला बसवलं ते मागच्या आठवड्यात एका नादकाट्याने. तोवर मी या कन्व्हर्टरची नुसती तारीफ करत होते. त्यातली अर्धी आजही मागे घेणार नाही.

माझा सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून सुरांत वाजवणारं यंत्र) अकाई एस१०००, मूळच्या २ एमबी मेमरीचाच. फ्लॉपीच्या जागी गोटेक, म्हणजे पेनड्राइव्हच फ्लॉपी म्हणून दाखवणारं उपकरण, बसवलेला आहे. काम ठरलेलं: फोनवर काढलेल्या व्हिडिओतून दार, पत्रा, घंटा, पावलं असे आवाज उचलायचे आणि सॅम्पलरमध्ये न्यायचे. हा छोटासा फुकट कन्व्हर्टर व्हिडिओ घेतो, आवाज वेगळा करतो, तुकडे पाडतो आणि अकाईला थेट वाचता येईल अशी डिस्क इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एक फाइल) हातात देतो. त्याआधी मी मिडी केबलने (वाद्यं एकमेकांना जोडायची तार) सॅम्पल पाठवायचे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आणि १६ बिटांच्या एका नमुन्याला ३ बाइट लागतात. नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप, अकाईला सेकंदाला असे ४४,१०० लागतात. म्हणजे १ सेकंदाचा मोनो आवाज पोचायला पाऊण मिनिट. त्यानंतर पेनड्राइव्ह लावून इमेज निवडायची सोय मिळाल्यावर मी हरखून गेले होते.

नावांचं काम तर त्याने फार समजून केलंय. अकाईला नाव १२ अक्षरांचंच चालतं, त्यात मोजकीच चिन्हं. स्टिरिओ आवाज दोन मोनो सॅम्पलमध्ये ठेवावा लागतो आणि त्यांच्या शेवटी उजव्या-डाव्याची खूण लागते. कन्व्हर्टर लांब नाव मधूनच कापतो, ती खूण कधीच कापत नाही. ज्याने हे बनवलं त्याने स्वतः हे यंत्र वापरलं असणार.

आता दोष. दुसऱ्या महिन्यापासून काही सॅम्पल बेसूर वाटायची. सगळी नाही, काहीच. कधी मी फोनच्या माइकला दोष दिला, कधी स्वतःच्या कानाला. प्रत्येक आवाज कानाने जुळवत बसायचे आणि पुढे जायचे. मागच्या आठवड्यात वैतागून ४४० हर्ट्झचा नादकाटा फोनसमोर वाजवला, व्हिडिओ कन्व्हर्टरमधून काढला आणि सॅम्पलरच्या आउटपुटला ट्यूनर लावला. ट्यूनरचा काटा ए ऐवजी जी आणि जी शार्पच्या मधोमध, ४०४ वर.

४४० ला ४४.१ ने गुणून ४८ ने भागा, ४०४ येतात. माझा फोन व्हिडिओचा आवाज ४८,००० हर्ट्झवर नोंदतो, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने. एस१००० चं घर ४४,१०० चं. कन्व्हर्टर मधलं रूपांतर करतच नाही, नमुने आहेत तसे उचलतो आणि वर ४४,१०० चा शिक्का मारतो. परिणामी सूर १४७ सेंटने (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन) उतरतो, जवळजवळ दीड सेमीटोन. जुन्या काही व्हिडिओंचा आवाज मुळातच ४४,१०० चा होता, ते बरोबर वाजत राहिले, म्हणून मला इतके महिने सूत्र सापडलं नाही.

सूर कानाला लगेच कळतो, लांबी कळत नाही. आवाज ८.८ टक्क्यांनी लांबतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीची लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) ११०.२५ वर येते. मी कितीतरी लूप कापून, ताणून, पुन्हा कापून बसवल्या आणि दर वेळी समजत राहिले की मूळ वादनच ढिलं आहे. वर मेमरीची उधळपट्टी. २ एमबीत ४४.१ चा मोनो आवाज २३ सेकंद मावतो, तिथे प्रत्येक सेकंदाच्या आवाजाला मी ८.८ टक्के जास्त जागा देत होते. मेमरी वाढवायची नाही असं ठरवून एकेक मिलिसेकंद छाटणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

बनवणाऱ्याला पत्र लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, भाषा सौजन्याची: येणारी फाइल ४४.१ चीच असेल असं गृहीत धरलं आहे. व्हिडिओसाठीच्या साधनात हे गृहीत धरताच कसं येतं? व्हिडिओच्या जगात ४८ हाच रिवाज आहे. रूपांतर नसेल करायचं तर नका करू, पण "ही फाइल ४८ ची आहे" एवढी एक ओळ पडद्यावर दाखवा. मी तसं परत कळवलं. त्याचं उत्तर अजून नाही.

हे इथवर लिहिलं तेव्हा आठ महिन्यांचं काम वाया गेलं असंच डोक्यात होतं. काल रात्री नीट विचार केला आणि मत बदललं. नमुने शाबूत आहेत, चूक फक्त शिक्क्याची. सॅम्पलरवरच १ सेमीटोन ४७ सेंट वर चढवलं की सूरही जागेवर येतो आणि लांबीही. सहा सॅम्पल तपासली, सहाही बरोबर. मेमरीची गळती तेवढी राहते.

नवीन कामासाठी आधी एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅममधून आवाज काढते, तिथेच ४४.१ आणि १६ बिट करून घेते. रूपांतराला त्यातलं सॉक्सआर हे दर बदलायचं साधन वापरते. हलके वरचे आवाज ४४.१ वर ठेवते. पावलं, दार, जड ठोके मात्र २२.०५ वर. अकाईला तो दर मुळातच येतो आणि जागा निम्मी लागते. ११ किलोहर्ट्झच्या वरचं जातं, पण दाराच्या धडकेत तिथे फारसं काही नसतंच. मोनो करताना दोन्ही बाजू मिसळू नका. माझी एक टाळी त्यात जवळपास नाहीशी झाली, कारण दोन बाजूंच्या लाटा एकमेकींना खोडत होत्या. आता फक्त डावी बाजू घेते.

त्यानंतर पुन्हा तोच कन्व्हर्टर. एएसी (व्हिडिओतला आवाज दाबून साठवायची पद्धत) आवाजाच्या सुरुवातीला, तो दाबणाऱ्या एन्कोडरने घातलेली शांतता कधीकधी तशीच राहते. १,०२४ नमुने म्हणजे ४८ च्या दराने २१ मिलिसेकंद, ठोका उशिरा पडतोय हे बोटांना जाणवतं. कन्व्हर्टर ती इतकी नेमकी छाटतो की हाताने मला तसं कधी जमलं नाही. म्हणून काढून टाकलेला नाही.

एकच आवाज हवा असेल तर मात्र फोनची हेडफोनची तार सरळ अकाईच्या इनपुटला लावते आणि तिथेच रेकॉर्ड करते. तिथे दराचा प्रश्नच येत नाही. पंधरा-वीस तुकडे असले की फाइलचा रस्ता. नादकाट्याचं ते सॅम्पल पहिल्या डिस्कवर ठेवलंय. कन्व्हर्टरची नवी आवृत्ती आली की आधी तेच वाजवून बघणार आहे.