‘तयार माल आम्हीच उचलू’ : कुत्र्यांच्या खाऊत गेलेले दीड लाख

‘घरबसल्या कुत्र्यांची बिस्किटं बनवा. मशीन आमचं, प्रीमिक्स आमचं, तयार माल किलोला 380 रुपयांनी आम्हीच उचलू.’ अशी जाहिरात तुमच्या फोनवर आली असेल, तर टोकन भरायच्या आधी हे वाचा. पूर्वी हाच प्रकार कापूरवड्या, फुलवाती, द्रोण-पत्रावळी आणि अगरबत्तीच्या मशीनवर चालायचा. आता घरोघरी कुत्री आली, त्यांच्या खाऊवर लोक हात सैल सोडून खर्च करू लागले, तेव्हा या मंडळींनीही माल बदलला. खेळ जुनाच आहे.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी मिळून आमच्या बंड्यासाठी घरीच खाऊ करायचो. बंड्या लॅब्राडॉर, म्हणजे खायला काळ आणि वजनाची कायम बोंब. उकडलेलं रताळं, नाचणीचं पीठ आणि एक अंडं असं मळून, पातळ लाटून, शंकरपाळ्यासारखं कापायचं आणि मंद ओव्हनमध्ये कडक होईपर्यंत ठेवायचं. कधी कोंबडीची कलेजी आधी नीट उकडून मग वाळवायची. मीठ नाही, साखर नाही. कांदा-लसूण तर घराच्या या कोपऱ्यातही येऊ द्यायचा नाही. सोसायटीतल्या चार-पाच घरांतून मागणी यायला लागली आणि जावेच्या डोक्यात आलं, की हे जरा मोठं करून बघू. 2025 च्या उन्हाळ्यात तिला ती जाहिरात दिसली.

पुण्यातल्या एका औद्योगिक वसाहतीलगतच्या गाळ्यात त्यांचं ऑफिस होतं. एसी, काचेचं टेबल, फडताळात रंगीत पाकिटं, भिंतीवर ओळीने फ्रेम केलेली सर्टिफिकिटं. मॅनेजर म्हणवणारा माणूस तोंडात साखर ठेवून बोलणारा. “ताई, मार्केटिंगचं टेन्शन घ्यायचंच नाही. तुम्ही फक्त माल बनवा. आम्ही सरकारमान्य आहोत, ही बघा सर्टिफिकिटं.” त्यातलं सर्वांत मोठं होतं ते उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं. ही नोंदणी कोणालाही आधार आणि पॅनच्या जोरावर घरी बसून, एक पैसा न भरता करता येते. माहिती ज्याची त्याने भरायची. सरकार त्या धंद्याची हमी घेत नाही की त्याचं मशीनही तपासत नाही. शेजारी आयएसओचं प्रमाणपत्र होतं. आयएसओ ही दर्जाची मानकं ठरवणारी संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, ते बाहेरच्या एजन्सी देतात, आणि त्यांतली कोणती खरी नि कोणती कागद छापणारी हे फ्रेमकडे बघून कळत नाही. नावापुढे छोटं ‘टीएम’, म्हणजे ट्रेडमार्कची खूण, होतं. ते तर अर्ज न करताही लावतात.

पॅकेज 1,35,000 रुपयांचं. त्यात ट्रे ड्रायर, बिस्किटं पाडायची हातदाबाची डाय, एका दिवसाचं ट्रेनिंग आणि 25 किलो प्रीमिक्स, म्हणजे बिस्किटांसाठी आधीच कालवलेलं कोरडं पीठ. यातले 60,000 त्यांनी बँक खात्यात घेतले आणि त्याचंच बिल दिलं. उरलेले 75,000 रोख. “पूर्ण बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वरून पडेल ताई, तुमचाच तोटा.” हे आपल्या भल्याचं वाटतं, पण नंतर भांडायची वेळ येते तेव्हा कागदावर तुमचे 60,000 च असतात. जाऊ हुशार, तिने निघताना व्हॉट्सॲपवर ‘सर, 75,000 कॅश दिले, पोचले ना?’ असं विचारून त्याचा अंगठा मिळवून ठेवला होता. आज आमच्याकडे त्या रकमेचा तोच एक पुरावा आहे.

करार 500 रुपयांच्या स्टँपवर, नोटरीच्या लाल शिक्क्यासकट. स्टँप आणि शिक्का पाहून माणसाला हायसं वाटतं. नोटरी फक्त सह्या कोणी केल्या ते बघतो, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमच्या करारात तिसऱ्या पानावर दोन वाक्यं होती. मालातला ओलावा 10 टक्क्यांच्या आत असावा, आणि मालाचा दर्जा ठरवण्याचा अंतिम अधिकार कंपनीचा राहील. अख्ख्या धंद्याची किल्ली या दोन ओळींत होती. खरेदीची हमी पहिल्या पानावर ठळक अक्षरात, आणि ती काढून घ्यायची सोय तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात.

आता मशीनचं ऐका. ड्रायर आला, पत्रा चकचकीत, पुढे लाल आकड्यांचा डिस्प्ले. 70 अंशांवर लावा, आठ तासांत माल तयार, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. बिस्किटं बाहेरून कडक व्हायची, पण मोडली की आत मऊ. जावेने केकसाठी घेतलेला ओव्हनचा थर्मामीटर मधल्या ट्रेवर ठेवला. डिस्प्लेवर 70, आणि आत 52. खालच्या ट्रेवर त्याहून कमी. म्हणजे त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच वेळापत्रकाने केलेल्या मालात ओलावा राहणारच होता आणि ओलाव्याची अट करारात आधीच घालून ठेवलेली होती. शिवाय अशा ड्रायरमध्ये कोणी कच्चं चिकन वाळवायला ठेवलं तर काय होईल याचा विचार करा. कोंबडीचं मांस आतपर्यंत 74 अंशांना पोचलं पाहिजे, म्हणजे साल्मोनेलासारखे जंतू मरतात. बाहेरून सुकलेली नि आतून कच्ची पट्टी कुत्र्याला बाधेल न बाधेल, पण ती हातात धरून खेळणाऱ्या पोराला नक्की बाधू शकते. त्यांच्या माहितीपत्रकात मात्र ‘चिकन जर्की बनवा’, म्हणजे चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या बनवा, असंही दणकून छापलं होतं. तसलाच ड्रायर नंतर नाशिकमध्येच एका मशिनरीच्या दुकानात पाहिला. डायसकट 38,000 सांगितले, घासाघीस न करता.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण मला जास्त संताप येतो तो प्रीमिक्सचा. पांढऱ्या गोणीवर हिरवं स्टिकर, त्यावर हसरा कुत्रा आणि ‘80 टक्के रिअल चिकन’. गोणी उघडली की फरसाणाच्या दुकानात शिरल्यासारखा वास. मी चमचाभर पूड कोमट पाण्यात कालवून हुंगली, तर कांदा-लसणीचा झणका सरळ नाकात गेला. स्टिकरचं एक टोक सुटलं होतं. कुकरच्या वाफेवर धरून ते हळूहळू सोललं, तर खाली छापील मजकूर निघाला : मैदा, सोया पीठ, मीठ आणि ‘चिकन फ्लेवर सीझनिंग’. त्या सीझनिंगच्या कंसात कांदा पावडर, लसूण पावडर. चिप्सवर भुरभुरवतात तोच प्रकार.

कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही, हे कुत्रं पाळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण पावडर कच्च्या कांद्यापेक्षा वाईट, कारण तिच्यात पाणी नसतं, थोड्यात जास्त जातं. शिजवून किंवा भाजून हा दोष जात नाही. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि ते लगेच दिसतही नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, जनावर मलूल होऊन पडून राहतं. तोवर मालकाला आठवतही नाही की काय खाल्लं होतं. आमच्यासारख्या बायका ही बिस्किटं ‘घरगुती, नैसर्गिक’ म्हणून शेजारपाजारच्या कुत्र्यांना चारत असतील, या विचाराने पोटात गोळा येतो. आम्ही त्यातलं एकही बंड्याला दिलं नाही. फोन करून विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “ताई, ते नॅचरल फ्लेवर आहे, डॉगला आवडतं.”

‘80 टक्के चिकन’ खोटं आहे हे गोणी न उघडताही कळू शकतं, नुसत्या हिशोबाने. कोंबडीच्या मांसात चार भागांतले तीन भाग पाणी असतं. किलोभर बोनलेस वाळवलं की पाव किलोच्या आसपास हाती येतं. बोनलेस 300 रुपये किलो धरलं तरी वाळलेल्या किलोभर चिकनमागे बाराशे रुपयांचं नुसतं मांस लागतं. मग चिकनचं बिस्किट कोणी किलोला 380 ने विकत कसं घेईल? आणि जो तसं घेऊन बाजारात खपवू शकतो, त्याला आपल्या स्वयंपाकघराची गरज काय? त्यांची कमाई बिस्किटं विकून होतच नव्हती, ती मशीन आणि गोणी विकून होत होती. आपणच त्यांचं गिऱ्हाईक.

पहिला लॉट 20 किलोचा. त्यांनी दोन दिवसांत 7,600 रुपये खात्यात टाकले, वर फोन करून कौतुक केलं. तोही याच ड्रायरमधून निघालेला माल, पण तेव्हा ओलावा कोणी मोजला नाही. हे पैसे म्हणजे गळाला लावलेला गांडूळ, कारण लगेच मागोमाग दोन गोष्टी आल्या. एक, ‘आता प्रॉडक्शन वाढवा’ म्हणून 190 रुपयांनी 50 किलो प्रीमिक्स, म्हणजे 9,500. दुसरी, ‘तुमच्या नावाने फूड लायसन्स काढावं लागेल’ म्हणून 12,500.

या लायसन्सबद्दल नीट लक्षात घ्या. एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरण, माणसांच्या अन्नासाठी आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ कशाला म्हणायचं ते सांगतानाच पशुखाद्य वगळलेलं आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 11968 हे वेगळं मानक आहे. तेव्हा ‘एफएसएसएआय मान्य डॉग बिस्किट’ असं कोणी म्हणालं की तिथेच थांबायचं. त्यांच्या पाकिटावर चौदा आकडी नंबर होता. एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या लायसन्सच्या पोर्टलवर तो टाकला, तर परराज्यातल्या एका फरसाणवाल्याचं नाव आलं. ही तपासणी फुकट आहे. तशीच जीएसटी पोर्टलवर त्यांच्या नंबराची, आणि कंपनी म्हणवत असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर ती कधी स्थापन झाली त्याची. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणारी आमची कंपनी आम्ही गेलो त्याच्या वर्षभर आधी नोंदलेली होती.

दुसरा लॉट रिजेक्ट झाला, आणि कारण अर्थातच ओलावा. व्हॉट्सॲपवर ‘लॅब रिपोर्ट’ आला, ओलावा 14 टक्के. लॅबचं नाव नाही, सही नाही, नमुना कधी घेतला ते नाही. माल परत पाठवला, तोही टू-पे ट्रान्सपोर्टने, भाडं आमच्याच माथी. उपाय विचारला तर 18,000 रुपयांचा ‘मॉइश्चर कंट्रोल युनिट’ घ्या म्हणाले. आम्ही नाही म्हटलं. त्यानंतर मॅनेजर कायम मीटिंगमध्ये, मग बाहेरगावी, मग नंबर बंद. गाळ्यावर गेलो तर कुलूप. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, “तुम्ही काय पहिल्या नाही आलेल्या.” त्याच्याकडून दोन नंबर मिळाले, त्यांच्याकडून आणखी. संगमनेर, बारामती, सोलापूर. सगळ्यांचा पहिला लॉट पास आणि दुसरा ओलाव्यावर नापास.

पोलिस चौकीत पहिलं उत्तर मिळालं, की हा करारभंग आहे, दिवाणी मामला, कोर्टात जा. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक धरायची तर फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दिसावं लागतं, आणि एकट्यादुकट्याच्या तक्रारीत तो दिसत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार लिहिली. प्रत्येकीचे लॅब रिपोर्ट शेजारी शेजारी लावले, तर तीन जणींच्या रिपोर्टवर आकडे दशांशापर्यंत सारखे आणि फक्त नाव बदललेलं. ते पान पाहिल्यावर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. आता अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे.

जोडीला नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो. करारात ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ असं होतं, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं, की मशीन धंद्यासाठी घेतलं, सबब तुम्ही ग्राहकच नाही. हे उत्तर प्रत्येकीला मिळणार आहे, त्याने गळून जाऊ नका. जी वस्तू माणूस केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतो आणि स्वतः वापरतो, तिला व्यापारी वापर म्हणायचं नाही, असं स्पष्टीकरण त्याच कायद्यात आहे. आम्ही प्रतिज्ञापत्रात लिहिलं की ड्रायर आम्ही दोघीच चालवायचो, मजूर ठेवला नव्हता. ड्रायर, सोललेलं स्टिकर आणि परत आलेला माल तसाच सील करून ठेवलाय, कारण तपासणी झाली तर तोच कामाला येईल. बिस्किटांना आता बुरशी आली आहे, पण टाकून देऊ नका असं आमच्या वकीलबाईंनी बजावलंय.

तुमच्याकडे असंच मशीन पडून असेल, तर ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. सोलापूरच्या ताईंची मुदत संपत आली होती, त्यांनी शेवटच्या आठवड्यात कागद दाखल केले. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन त्याच दिवशी करा. आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण फोन बदलायच्या आधी, तारखांसकट, बाहेर काढून ठेवा.